आवाज स्वच्छ नाही

तालुक्याहून आली ती पोरगी,
गयात ओयखपत्र, पायात पांढरे बूट,
बचत गटाच्या सतरंजीवर बसली अन् म्हने,
ताई, तुमचा आवाज द्या.
आमी सात जनी. बेबी म्हने, देऊन टाकू,
पन मंग आपल्याजवय काय राहीन?
हासलो साऱ्या.
एका वाक्याचे दोन रुपये.

मोबाइलवर वाक्य येते, थे वाचाचं,
लाल गोल दाबाचा, मंग धाडाचं.
कुठी, थे तिलेबी मालूम नोहोतं.
मशीनले बोलनं शिकवाचं हाये, एवढंच म्हने.
लेकराले शिकवलं तवा कोनी पैसे नाई देल्ले.

पयलं वाक्य: "तिचे डोळे काळे आहेत."
म्या वाचलं, तिचे डोये काये हायेत.
"शब्द जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा."
पुन्हा वाचलं, जीभ टायूले लावून,
मडावी मास्तर उभी करत तशी उभी राहून
डो-ळे. का-ळे.
सुजल खाटेवर लोयून लोयून हासे.
हिरवी टिक आली.
पन डोये कोनाचे, थे वाक्यात नोहोतं.

मंग, "लिफ्टचा दरवाजा बंद होत आहे."
लिफ्ट वनीच्या दवाखान्यात हाये म्हनते.
आमी गेलो तवा तिच्यावर कागद चिपकवला होता.
मंग, "कृपया केक साखरेशिवाय बनवा."
असं बोलतात काय लोकं?
अन् कोनाशी?

दिवसा जमतच नाई.
चक्की सुरू होते, कोंबडा येय पायत नाई.
"पार्श्वभूमीत आवाज आहे."
आता आवाज तं राहीनच ना, घर हाये हे.
भांडं पडन, बकरी बोलन,
कुडाच्या तिकडून शेवंता इचारन, मीठ हाये काय व.
मशीनले वाटे मी एकटीच असाव जगात,
माह्या मांगं काहीच नसाव,
टिनावरची चिमनीबी नाई.

मंग रात्री, वाकयीखाली.
घाम, मोबाइलचा निया उजेड,
माह्याच श्वासाचा वास.
बाहेरून पायनाऱ्याले वाटलं असन
वाकयीत काजवा घुसला.

मामाजीले खोकला हाये.
तीस वर्सं जिनिंगमंधी रुई खाल्ली त्या छातीनं.
त्या रातीचं वाक्य सोपं होतं:
"घरातील सर्व माणसं सुखात आहेत."
चार खेपा वाचलं. चार खेपा
"आवाज स्वच्छ नाही."
वाकयीतून डोकं काढलं. बोलली काही नाई,
फक्त पायलं त्याइच्याकडं.
अजूनबी आठोते तसं पायनं.
थे उठून बसले, खांद्यावरचा दुपट्टा गोया केला,
तोंडात कोंबला,
अन् हातानं सांगितलं, वाच.

घरातील. सर्व. माणसं.
त्याइची मान हाले, गयाच्या शिरा दोरीवानी,
डोयातून पानी
सुखात
(अठी माहा आवाज जरासा अडकला)
आहेत.

हिरवी टिक.
दोन रुपये.

मॅडम म्हने, पुढं हा आवाज
कुठल्याबी फोनातून बोलन. पुन्यात, मोटारीत,
कोनाले रस्ता सांगन, कोनाले गोयीची येय.
डोळे म्हनन बरोबर. काळे म्हनन.
पन कोनी ध्यान देऊन ऐकलं तं
सुखात अन् आहेतच्या मंधात
मोहरीएवढी जागा हाये एक.
ती माही नाई.

मोबाइल उलटा ठेवला. अंधार झाला.
भितीकून मामाजीचा आवाज, दुपट्ट्यातूनच:
झालं काय वं, गुंफा?
खोकलू काय आता?